तिसरा भाग झालाच पाहिजे

हिंदी सिनेमांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांना नावे ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. पहिला भाग काय होता आणि याची काय माती केली, असे म्हणत मंडळी थिएटरबाहेर पडतात आणि पुढच्या भागाचे तिकीट आधीच काढून ठेवतात. या निष्ठेची रीतसर दखल अजून कोणी घेतलेली नाही.

मुळात पहिला भाग हा बेजबाबदार प्रकार असतो. २००० साली ‘हेरा फेरी’ आला तेव्हा तो कोणी मागितला नव्हता. थकलेले भाडे, न मिळणारी नोकरी आणि भलत्याच घरी लागलेला खंडणीचा फोन, एवढ्यावर प्रियदर्शन यांनी लोकांना हसवले. त्यामुळे हसवायला गोष्ट लागते, असा गैरसमज पसरला. २००६च्या ‘फिर हेरा फेरी’ने तो बराचसा दूर केला. त्यात राजू, श्याम आणि बाबूराव हे तिघे बंगल्यात राहतात आणि एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करणाऱ्या योजनेपायी रस्त्यावर येतात. सिनेमाच्या धंद्याने यातून अचूक धडा घेतला: बुडतो तो पैसे भरणारा, योजना चालवणारा नव्हे.

‘भूल भुलैया’चेही तसेच. २००७ साली एका मानसोपचारतज्ज्ञाने वाड्यातले भूत हे भूत नसून आजार आहे, असे सिद्ध केले. असे काही सिद्ध झाले की गोष्ट तिथेच संपते, हा विज्ञानाचा व्यावसायिक दोष. २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. २०२२ मध्ये दुसऱ्या भागाने खरेखुरे भूत आणले. कायद्याला काम उरले पाहिजे, ही त्यामागची दूरदृष्टी असावी.

गेल्या काही वर्षांतला सर्वांत उदार प्रयोग मात्र ‘हाउसफुल ५’चा. जून २०२५ मध्ये त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी लागल्या आणि दोन्हींत खुनी वेगळा. खुनी कोण हे एका तिकिटात कळावे, हा हट्ट आता सोडायला हवा. खालच्या आणि वरच्या कोर्टाचे निकाल वेगळे लागतात, तिथेही आपण दोन्हीकडचा खर्च निमूट सोसतोच की.

पण सिक्वेलचे खरे उपकार आहेत ते लोकशाहीवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये बातमी आली, की ‘हेरा फेरी’च्या तिसऱ्या भागात राजूच्या भूमिकेत अक्षय कुमारऐवजी कार्तिक आर्यन येणार. देश ढवळून निघाला. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली होती आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच होता. आपला नगरसेवक कोण, हे विचारण्यात अर्थ नव्हता. राजू कोण, यावर मात्र प्रत्येकाचे मत होते आणि ते ठाम होते. मत देण्याची सवय मोडू नये म्हणून चित्रपटसृष्टीने केलेली ही सोय इतिहासात नोंदली जावी. शिवाय इथे मताला किंमत होती: अक्षय कुमार परत आले.

मे २०२५ मध्ये परेश रावल यांनी बाबूराव सोडला, तेव्हा तर कमालच झाली. बाबूराव गणपतराव आपटे म्हणजे आपला माणूस. धोतर, बंडी, भिंगाचा जाड चष्मा आणि डोक्यावर कर्ज. एका गुजराती नटाने तो इतका हुबेहूब उभा केला, की तो जातोय म्हटल्यावर मराठी माणसाचा गळा दाटून आला. अक्षय कुमार यांच्या कंपनीने २५ कोटींची नोटीस धाडली आणि जूनअखेर बाबूराव परतला. गिरगाव-दादरचे खरे आपटे डोंबिवली-बदलापूरला गेले, तेव्हा त्यांना थांबवायला कोणी साधे पोस्टकार्ड टाकल्याचे ऐकिवात नाही. चूक त्यांचीच, त्यांनी आधी पहिला भाग हिट करून ठेवायला हवा होता.

आता निर्मात्यांना एक विनंती. ‘फिर हेरा फेरी’च्या शेवटी राजू पुलावरून ओणवा झाला आहे. कोट्यवधींच्या जुन्या बंदुका हातातून सुटायच्या बेतात आहेत, मोबाइल तोंडात धरला आहे आणि तो वाजतो आहे. त्याला २००६ पासून तसाच ठेवला आहे. त्याला सोडवण्याची घाई करू नये. फोन उचलला गेला, तर सिनेमा पाहावा लागेल आणि चर्चा संपेल.

आपण नागरिकांनी तूर्त एवढेच करावे: तिसरा भाग भिकार निघणार हे धरून चालावे, पैसे बाजूला काढून ठेवावेत आणि श्याम कोणी करावा यावर आजपासूनच मत बनवावे.