दोनसायकले

पुणे–लोणावळा लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत एक गृहस्थ हमखास दिसतात. खांद्याला डब्याची पिशवी, वरच्या खिशात पास आणि पँटच्या उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा. आसपास सायकल कुठंच नसते. एखादा नवखा प्रवासी भाबडेपणानं सांगायला जातो, "काका, चिमटा राहिलाय." काका म्हणतात, "राहिला नाही, ठेवलाय." एक सायकल तळेगावला सोडून आलेत, दुसरी कासारवाडीला उभी आहे. मधल्या सहा स्टेशनांसाठी चिमटा काढायचा आणि परत लावायचा, हा उद्योग त्यांना मान्य नाही.

खरं आडनाव काही का असेना, डब्यात त्यांना दोनसायकले म्हणतात. ते एकटे नाहीत, प्रत्येक लोकलला दोन-चार असतात. कुणी कामशेतला चढून खडकीच्या कारखान्यात जातो, कुणी मळवलीहून चिंचवडला. आपले दोनसायकले भोसरी एमआयडीसीतले. त्यांच्या दोन सायकलींची एकमेकींशी अजून गाठ पडलेली नाही. तळेगावची दिवसा स्टँडवर उभी आणि रात्री घरी, कासारवाडीची दिवसा कंपनीत आणि रात्री स्टेशनाबाहेर. साहेबांना तिसरी पाळी लागली की दोघींच्या पाळ्या बदलतात. त्या आठवड्यात तळेगावचा स्टँडवाला रात्रीचे जादा पैसे मागतो आणि दोनसायकले त्याला म्हणतात, "अरे, आम्हाला नाइट अलाउन्स मिळत नाही, हिला कुठून देऊ?"

किल्ल्यांचं प्रकरण नाजूक आहे. तळेगावच्या किल्लीला काळा दोरा, कासारवाडीच्या किल्लीला लाल. शिवाय तळेगावच्या स्टँडचा पत्र्याचा बिल्ला. त्याचा नंबर झिजून गेलाय. स्टँडवाला नंबर वाचत नाही, चेहरा बघतो. एकदा घाईत लाल दोऱ्याची किल्ली घरातल्या खिळ्यालाच राहिली आणि काळी बरोबर आली. सायकल कासारवाडीला कुलूपबंद. कंपनीपर्यंत पळत जावं लागलं. तेव्हापासून दोन्ही किल्ल्या करगोट्याला बांधायचं त्यांच्या मनात होतं, पण घरातून परवानगी मिळाली नाही.

आता कासारवाडीच्या सायकलीकडं जरा जवळून बघायला हवं. चोवीस इंची, दांडीची, एके काळची काळी ॲटलस. चेनकव्हर नाही. मागचं मडगार्ड तारेनं बांधलेलं. सीटवर दुधाची पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी. घंटी नाही, खड्ड्यातून जाताना जो आवाज होतो तो पुरतो. डावा ब्रेक लागतो, उजवा शोभेला. ही सगळी कळा हेतुपुरस्सर आणलेली आहे. दोनसायकल्यांचा सिद्धान्त असा की, स्टेशनवर ठेवायची सायकल चोराला बघवता कामा नये. तिला अडकवलेली साखळी आणि कुलूप मात्र सायकलीपेक्षा महाग. "सायकल गेली तर परवडेल, कुलूप जाता कामा नये," असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगतात.

या सिद्धान्तावर एकदा मोठं संकट आलं. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होती. पावडर कोटिंगच्या पोरांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी काकांची सायकल सोडवून, घासून, भट्टीतून चकचकीत निळी काढली आणि झेंडूची माळ घालून शेडमध्ये उभी केली. पाळी सुटल्यावर काका बाहेर आले आणि "सायकल गेली!" म्हणून ओरडले. ती समोरच उभी होती. ओळख पटल्यावर तर ते खालीच बसले. पोरांना वाटलं, आनंद अनावर झाला. पुढं दिवाळीभर त्यांनी पॉलिश पेपर आणि मिठाचं पाणी घेऊन त्या रंगाशी झुंज दिली, तेव्हा कुठं ती परत स्टेशनला ठेवण्याच्या लायकीची झाली. पावडर कोटिंग किती टिकाऊ असतं, हे त्यांच्याइतकं त्या खात्यातल्या इंजिनिअरलाही माहीत नसेल.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली तेव्हा सायकल कासारवाडीला आणि मालक तळेगावला अडकले. त्याच वर्षी ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली. दोनसायकल्यांनी ती पेपरात वाचली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पुढं पहिल्या संधीला कासारवाडी गाठली तर सायकल जागेवर होती. टायर बसलेले, आणि कुलूप गंजून असं घट्ट झालेलं की किल्ली आत जाईना. मग छिन्नी-हातोडी आणून भर दिवसा, भर रस्त्यात आपलंच कुलूप फोडलं. त्याचं दुःख त्यांना अजून आहे. कुलपाचं नव्हे. "अर्धा तास ठाकठोक चालली होती. लोक येत होते, जात होते. एकानं तरी विचारावं, सायकल कुणाची आहे?"

त्यांचे वडीलही सायकलवालेच. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत आली, मग एकेक कारखाना येत गेला आणि भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली. ११ मार्च १९७८ ला पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली, ती तारीख दोनसायकले घरातल्या वाढदिवसासारखी सांगतात. पुढं काय झालं? आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनत होत्या. सायकलवर कामाला जाणाऱ्यांनी त्या बनवल्या आणि हप्त्यानं त्याच घेतल्या. या कथेत दोष कुणाला द्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण आपल्याकडं कुठल्याही गजबजलेल्या स्टेशनाच्या दारात उभं राहून बघावं. आधी रिक्षांची तिपेडी रांग, मग मोटारी, मग दुचाक्या एकमेकींना टेकलेल्या. सायकलवाला या सगळ्यातून हँडल तिरकं करत, "सरका जरा, सरका," म्हणत निघतो आणि शेवटी भिंतीशी, जिथं गळक्या पाइपाचं पाणी साचतं तिथं त्याला जागा मिळते. पलीकडच्या बाजूला जायचं असेल तर सायकल खांद्यावर आणि पूल पायाखाली. जिन्याच्या कडेला चाक सरकवायला एक वीतभर उताराची पट्टी काढायला कितीसं सिमेंट लागतं? दोनसायकल्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नाही. त्यांनी सरळ दुसरी सायकल घेतली. आपल्याकडं नियोजन बरंचसं असंच होतं, ज्याचं त्यानं करायचं.

मेट्रो आली तेव्हा मात्र ते खास बघायला गेले होते. तिथं सायकल डब्यात नेऊ देतात, हे ऐकून त्यांना धक्काच बसला. लिफ्टनं सायकल वर, सायकलीला थंडगार डबा! "माझी तर आत गेल्यावर रडेल," ते म्हणाले. नाशिक फाट्याच्या स्टेशनाला मेट्रोनं तेव्हा भोसरीचं नाव दिलं होतं, पण भोसरी गाव तिथून चांगलं पुढं. दोनसायकल्यांनी समजुतीनं घेतलं. "नाव पोचलंय. माणसं पोचवायला आमची आहे ना."

मुलगा चाकणला आहे. चाकणला गाड्यांचे एवढे कारखाने, पण रेल्वे नाही. म्हणजे बापाची विद्या तिथं कुचकामी. मुलगा मोटरसायकलनं तळेगाव–चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागं अडकून असतो आणि अडकल्या अडकल्या वडिलांना व्हिडिओ पाठवतो. एकदा त्यानं नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट स्टेशनचा पाठवला. स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचं तळघर, २०१९ मध्ये पुरं झालेलं, जगात सगळ्यात मोठं. सायकल चालवतच आत जायचं आणि पहिले चोवीस तास फुकट. डब्यात सगळ्यांनी माना डोलावल्या. दोनसायकल्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला.

"सगळ्या धुतलेल्या दिसतायत," ते म्हणाले. "चोरांची चैन आहे. आणि चोवीस तास फुकट म्हणजे काय? आमची गुरुवारी सुट्टी. बुधवारी संध्याकाळी ठेवली की शुक्रवारी सकाळी उचलायची. म्हणजे आमच्यासारख्याला दंडच की!"

पुढच्या वर्षी ते रिटायर होतायत. डब्यातल्या मंडळींनी विचारलं, आता कासारवाडीच्या सायकलीचं काय, टेम्पोत घालून तळेगावला न्यायची का? त्यांना प्रश्नच कळला नाही. ती तिथंच राहणार; भोसरीत मित्र आहेत, कधी जावं लागलं तर? उलट पेन्शनच्या आणि बँकेच्या कामाला पुण्यात खेपा वाढणार, म्हणून शिवाजीनगर स्टेशनला एक कायमची ठेवायचा त्यांचा विचार पक्का होत आलाय. परवा चिंचवड गेल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची पडून आहे का हो एखादी? बघा जरा. चांगली नको."