सम गिअर, विषम घाट

जवळजवळ नव्या स्पोर्ट्‌स कारमध्ये नेमकं जुनं काय आहे, हे विकणाऱ्याला विचारू नये. तो उत्तर देतो. आमच्या साडूभाऊंनी घेतलेली गाडी आधीचा मालक म्हणे फक्त रविवारी सकाळी बाहेर काढायचा. सहा हजार किलोमीटर पळालेली, लालभडक, दोन दारं, दोन माणसं, कंपनीची वॉरंटी शिल्लक. मग अशी गाडी त्याने विकली का, हेही साडूभाऊंनी विचारलं होतं. "पार्किंगचा प्रॉब्लेम होता, साहेब," असं उत्तर मिळालं. ते अक्षरशः खरं होतं, हे आम्हाला पसरणीच्या घाटात कळलं.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. वॉरंटीचा क्लेम अजून मंजूर व्हायचाय, आणि साडूभाऊंना भीती अशी की मंजुरी देणारा मराठी वाचणारा निघाला तर?

निमित्त सासूबाईंच्या पंचाहत्तरीचं. पाचगणीला एक बंगला दोन दिवसांसाठी भाड्याने घेतला होता. बायका, पोरं, सासूबाई, पुरणाचं पातेलं आणि पेटी अशी सगळी मंडळी मेव्हण्याच्या जुनाट डिझेल गाडीतून पहाटेच निघून गेली. केकचं दुकान नऊला उघडतं, म्हणून केक आणायची जबाबदारी आमच्यावर. "तुम्ही व्हा पुढे. खंबाटकीच्या आत तुम्हाला गाठतो," असं साडूभाऊंनी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या. दोन्ही जावई त्यांना चांगले ओळखीचे आहेत.

या गाडीत माणूस बसत नाही, उतरतो. आधी एक पाय आत सोडायचा, मग डोकं, मग उरलेलं शरीर देवाच्या भरवशावर टाकायचं. पन्नाशीनंतर हे सोपं नाही. मुक्कामी पोचल्यावर बाहेर चढून येणं त्याहून अवघड. डिकी आहे, पण तिच्यात स्टेपनीच्या जागी हवेचा पंप आणि पंक्चरवर ओतायच्या चिकट द्रवाची बाटली ठेवलेली. त्यामुळे केकचा खोका माझ्या मांडीवर. वर चॉकलेटने ठळक ७५ काढलेलं. पुढच्या प्रवासात गिअरबॉक्सची प्रकृती डॅशबोर्डच्या आधी मला त्या केकवर कळत गेली.

पहिलं संकट सोसायटीच्या फाटकाबाहेरच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. या गाडीचं पोट रस्त्यापासून ११ सेंटिमीटरवर. म्हणजे कागदावर तरी एक सेंटिमीटर आपला. पण आमच्या फाटकाबाहेरचा गतिरोधक नियम वाचून घातलेला नाही, डांबर उरलं म्हणून घातलेला आहे. साडूभाऊंनी गाडी तिरकी केली, एकेक चाक वर चढवलं, श्वास रोखला. खालून करकर असा आवाज आला. "काही नाही, प्लास्टिक आहे," ते म्हणाले. पण चेहरा पडला होता.

नवले पुलापाशी शनिवारची गर्दी होती. आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो आणि साडूभाऊ मला गिअरबॉक्स समजावून देत होते. विषय त्यांचा आवडता. या गाडीला दोन क्लच. एक विषम गिअरांचा: पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसरा सम गिअरांचा: दुसरा, चौथा, सहावा, आणि या मॉडेलमध्ये रिव्हर्सही त्याच्याच वाट्याला. गाडी दुसऱ्यात पळत असते तेव्हा तिसरा आधीच लागून तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि पापणी लवायच्या आत गिअर बदललेला असतो. कल्पना अडॉल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची, १९३९ सालची. हा गृहस्थ तरुणपणी रशियात झार दुसऱ्या निकोलसच्या मोटारी सांभाळायचा. झारची मोटार बर्फात रुतू नये म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवले. क्रांतीनंतर तो मायदेशी परतला, आणि तसल्याच पट्ट्यांच्या सित्रोएन गाड्यांनी १९२२-२३च्या हिवाळ्यात सहारा वाळवंट पार केलं. बर्फ झाला, वाळू झाली. नवले पुलाचा विचार मात्र त्याने केला होता असं दिसत नाही.

कारण हा गिअरबॉक्स वेगासाठी जन्मलेला. १९८०च्या दशकात तो रेसच्या गाड्यांत घुसला, २००३ मध्ये दुकानात मिळणाऱ्या गाडीत आला. शर्यतीत कोणी फुटा-फुटाने सरकत नाही. पुण्यात सरकावंच लागतं, आणि सरकताना क्लच धड धरलेलाही नसतो, धड सुटलेलाही नसतो. नुसता घासत राहतो. घासला की तापतो. मेव्हण्याच्या डिझेल गाडीत हे घासणं डाव्या पायाला कळतं आणि पाय आपोआप शहाणा होतो. इथे पायाला काही कळायची सोय नाही. कळतं ते एका कॉम्प्युटरला, आणि तो मनाला लागलेलं लगेच बोलून दाखवणाऱ्यातला नाही.

खेड शिवापूरचा टोलनाका सोडल्यावर तो बोलला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कोणीतरी लाथ घालावी तसा धक्का बसला. केक खोक्यातल्या खोक्यात दोन बोटं पुढे सरकला.

"स्पोर्ट मोडवर आहे," साडूभाऊ म्हणाले. "जरा आक्रमक वाटते."

कम्फर्ट मोडवर टाकली. आता धक्का सौम्य, पण आधी एक दीर्घ विचार. ॲक्सिलरेटर दाबायचा, गाडीने ऐकून घ्यायचं, चर्चा करायची आणि मग सगळं एकदम मंजूर करायचं. या अवस्थेत आम्ही खंबाटकीला लागलो. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्याला तेव्हा बोगदा नव्हता. जुना घाट चढूनच जावं लागायचं, आणि पुढे साखरेची पोती लादलेले दोन ट्रक शेजारी शेजारी, एकमेकांना मागे टाकायच्या शर्यतीत, दोघेही पहिल्या गिअरात. डॅशबोर्डवर लाल अक्षरं उमटली: गिअरबॉक्स अतिशय गरम, सुरक्षित जागी थांबा.

खंबाटकीत सुरक्षित जागा कुठे असते, ते दाखवायची सोय गाडीत नव्हती. कडेला एका वडापाववाल्याच्या हातगाडीशेजारी थांबलो. तेवढ्यात आमच्या हिचा फोन. "अहो, कुठे आहात? आम्ही वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन निघालो."

"आलोच. साडूभाऊंना वडापाव खायचा होता," मी म्हणालो. फोन त्यांच्या बायकोकडे गेला असावा, कारण पलीकडून हसण्याचा आवाज आला.

वीस मिनिटांनी गाडी बंद करून परत चालू केली. लाल अक्षरं गायब. एवढ्या महागड्या इंजिनिअरिंगला घरच्या वायफायचाच उपाय चालतो, याचा साडूभाऊंना आनंद झाला की दुःख, ते चेहऱ्यावरून कळेना. सुरूर फाट्यावरून आत वळलो, वाई आली. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईत आहे. साडूभाऊंनी क्षणभर खरंच तिकडे वळायचा विचार केला. 'ग'च्या खंडात काहीतरी सापडेल म्हणाले.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आणि पाचगणी तेराशेच्या जवळ. मधला सहाशे मीटरचा चढ पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरांत उरकतो. पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. खड्या आवाजाचं त्या गावाला अप्रूप असायचं कारण नाही. तरी आम्ही गेलो तेव्हा माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली. कारण दुसरा गिअर आता लागतच नव्हता. पहिल्यातून पुढची पायरी थेट तिसरी, आणि तिसऱ्यात चढ झेपेना, म्हणून गाडी परत पहिल्यात. आवाज ताशी दीडशेचा, वेग अठराचा. लोकांना वाटत होतं आम्ही मिजास दाखवतोय. एका वळणावर लाल एसटी मागून आली, तिने लांबलचक हॉर्न दिला आणि आम्हाला मागे टाकून गेली. मागच्या खिडकीतून एका आजींनी आमच्याकडे फार कनवाळूपणे पाहिलं.

घाट सरता सरता, जिथून खाली धोम धरणाचं पाणी आणि कृष्णेचं खोरं दिसतं, तिथे साडूभाऊंनी गाडी थंड करायला बाजूला घेतली. तोंड कठड्याकडे. आम्ही कणीस खाल्लं, फोटो काढले, गाडी चालू केली, आणि साडूभाऊंनी रिव्हर्स टाकला. काही झालं नाही. परत टाकला. डॅशबोर्डवर नवं वाक्य आलं: रिव्हर्स उपलब्ध नाही, प्रवास पुढे चालू ठेवता येईल. सम गिअरांचा क्लच संपावर गेला होता आणि जाताना रिव्हर्सही घेऊन गेला होता. प्रवास पुढे चालू ठेवायला हरकत नव्हती. पुढे कठडा, आणि कठड्यापलीकडे धोम धरण.

हां, पार्किंगचा प्रॉब्लेम.

माणसं जमली. त्यात एक वाईचा जीपवाला होता. त्याने दारातून वाकून पायाखाली पाहिलं.

"शेठ, क्लच कुठंय?"

"या गाडीला दोन क्लच आहेत," साडूभाऊ म्हणाले.

"दोन? आन् पायात?"

"पायात एकपण नाही."

जीपवाल्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "दोन दोन क्लच देऊन एक बी हातापायाला लागू दिला नाय," तो मागच्या लोकांना म्हणाला. "शेठ लोकांवर कंपनीचा बी इश्वास नाय राहिला बगा."

शेवटी ढकलायचं ठरलं. इंजिन चालू होतं म्हणून न्यूट्रल तरी मिळत होता. सांगलीकडच्या एका सहलीच्या बसमधली कॉलेजची पोरं उत्साहाने खाली उतरली.

"पुढच्या बंपरला हात लावू नका, कार्बन फायबर आहे!" साडूभाऊ ओरडले.

"मग काका, धरायचं कुठं?"

"बॉनेटला... नको, बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, पोचा पडेल. हेडलाइटच्या मधल्या पट्टीवर. तळव्याने. हळूच."

"म्हणजे गाल कुरवाळायचे हिचे?" एका पोराने विचारलं, आणि मग मोरयाचा गजर होऊन, जिथे हात पुरेल तिथे लावून, गाडी रस्त्यावर आली. पोरांना काहीतरी देणं भाग होतं. पैसे घ्यायला ती तयार नव्हती. माझ्या मांडीवरचा केक मात्र त्यांनी हेरला होता. धक्क्यांमुळे ७ आणि ५ तसेही एकमेकांपासून बरेच लांब गेले होते. आम्ही ५ त्यांना दिला.

पाचगणीच्या बंगल्यात सासूबाईंसमोर खोका उघडला तेव्हा त्यांनी एकट्या ७ कडे बराच वेळ पाहिलं. "पाच वर्षं कमी केलीत की रे," त्या म्हणाल्या. "बरं झालं. सत्तरीचीच आरती करा." मेव्हण्याने आपली डिझेल गाडी कशी मस्त आली हे सांगायला तोंड उघडलं, पण बायकोने कोपर मारल्यामुळे मिटलं.

परतीच्या प्रवासात साडूभाऊंची गाडी फ्लॅटबेडवर होती. अशी गाडी दोरी बांधून ओढता येत नाही. मागची चाकं फिरली की गिअरबॉक्सचं उरलंसुरलं भलं होतं. म्हणून ती वर, आणि आम्ही दोघं ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी. किती उंच बसलो होतो! ड्रायव्हर साठीचा, पान जमवलेला. डाव्या हाताने गिअर असे टाकत होता की ग्लासातलं पाणीही हललं नसतं. खंबाटकीचा बोगदा आला, गेला. साडूभाऊ सबंध वेळ त्याच्या हाताकडे पाहत होते.

"साहेब, तिचा ॲव्हरेज काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"आत्ता तुमच्याइतकाच," साडूभाऊ म्हणाले.

सर्व्हिस सेंटरला एसी, कॉफी आणि टाय घातलेला सर्व्हिस ॲडव्हायजर होता. त्याने डॅशबोर्डखाली वायर खोचली. कोड आला पी-०७००. या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे एक तक्रार नोंदलेली आहे, तपशील त्याच्याकडे विचारावा. त्याच्याकडे विचारलं, तर सम क्लच तापला होता, आता ठीक आहे, असं त्याने कळवलं. गाडी तोवर गार झालेली. रिव्हर्स पडला, दुसरा पडला, चौथाही पडला. ॲडव्हायजरने आमच्याकडे सौजन्याने पाहिलं.

"सर, हा गिअरबॉक्स क्लच कुठे धरतो ते वापरातून शिकत जातो. ही गाडी आतापर्यंत रविवारी सकाळी चाललीय ना? शनिवारची सवय नाही तिला. आम्ही सगळं शिकलेलं पुसून, सॉफ्टवेअर अपडेट करून देतो."

"आणि परत झालं तर? मेकॅट्रॉनिक्सचा भाग बदलावा लागला तर?"

त्याने कॅलक्युलेटर पुढे सरकवला. साडूभाऊंनी आकडा वाचला आणि कॉफी खाली ठेवली. "वॉरंटीत बसवू, सर. क्लेम पाठवतो. तोपर्यंत फक्त गर्दीत चालवू नका. आणि चढावर हळू नका."

"मग कधी चालवू?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "रात्री दोननंतर?"

निघताना त्याने दारापर्यंत येऊन आवाज खाली आणला. "सर, दोन दिवसांत हेड ऑफिसातून फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहा द्याल ना? कमी आले की आमचं इन्सेंटिव्ह कापतात."

"घाटात सातपैकी चार गिअर चालू होते," साडूभाऊ म्हणाले. "चार देतो."

"पण आता रिव्हर्स पडतोय, सर," तो म्हणाला. "पाच तरी द्या."