यादीवर यादी

२७ मार्च २०२०. न्यूयॉर्कला मध्यरात्र, आपल्याकडे सकाळ आणि टाळेबंदीचा तिसरा दिवस. दूध येणार का, या विवंचनेत अर्धं जग असताना बॉब डिलन या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी एक गाणं सोडलं. त्याआधी आठ वर्षं स्वतः लिहिलेलं एकही नवं गाणं नाही. जाहिरात नाही, मुलाखत नाही. सोबत एक चिठ्ठी: चाहत्यांचे आभार, गाणं काही काळापूर्वी ध्वनिमुद्रित केलंय, कदाचित आवडेल, जपून राहा. गाण्याचं नाव ‘मर्डर मोस्ट फाउल’, म्हणजे ‘हॅम्लेट’मधल्या बापाच्या भुताचे शब्द. विषय, १९६३ साली डॅलसमध्ये झालेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून. लांबी सतरा मिनिटांना काही सेकंद कमी. (आपल्याकडचा ख्यालाचा श्रोता यावर हसेल. तेवढ्यात तबलजी हातोडी खाली ठेवतो.)

गाणं सतरा मिनिटांचं असलं तरी ‘महान’ हा निकाल पाचव्या मिनिटाला तयार होता, आणि ‘भिकार’ हा तिसऱ्या. महानवाल्यांना रडू आलं. भिकारवाल्यांनी विचारलं, चाल कुठाय? ढोलताशा राहू दे, ड्रमचा धड ठेका तरी? मागे पियानो आणि तारवाद्यं तरंगताहेत, पुढे एक म्हातारा हिशेब वाचल्यासारखा यमकं जुळवतोय. दोघांचंही वर्णन बरोबर होतं, ही खरी गंमत. केनेडींच्या खुनामागे कट होता असं मानणाऱ्यांची तर दिवाळीच. मारेकरी ऑस्वाल्डने तो खून एकट्याने केला, असं चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने १९६४ मध्येच लिहून ठेवलंय. पण आता साक्षात नोबेलविजेता आपल्या बाजूने बोलतोय म्हटल्यावर आयोग कोण लागून गेला?

सगळ्यांत कडवी फळी मात्र चिठ्ठीवर बसली. ‘काही काळापूर्वी’ म्हणजे केव्हा? मग आवाजाची तपासणी. घसा इतका खरखरीत नाही, म्हणजे अलीकडचा. शब्द असे ओढतोय, म्हणजे जुना. बैलाचे दात पाहून वय सांगतात तसं चाललं होतं. गाण्यात काय म्हटलंय ते नंतर पाहू.

डिलनच्या चाहत्याला गाणं नकोच असतं, कोडं हवं असतं. ही सवय जुनी. सत्तरच्या सुमारास एक पठ्ठ्या न्यूयॉर्कमध्ये डिलनच्या घराबाहेरचा कचऱ्याचा डबा उपसून त्यातून गाण्यांचे अर्थ काढत असे. त्याआधी, १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली तेव्हा चाहत्यांनीच हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी मँचेस्टरला तिकीट काढून आलेल्या एकाने भर कार्यक्रमात ‘जूडास’ (म्हणजे गद्दार) अशी हाक मारली. शत्रूला एवढी फुरसत नसते, हे प्रेमच. डिलनने नंतर सहसा कशाचा खुलासा केला नाही, यात नवल काय? २०१६ चं नोबेल जाहीर झाल्यावर तो स्वीडिश अकादमीशीसुद्धा कितीतरी दिवस बोलला नव्हता. तिथे चाहत्यांचा काय पाड!

आता गाण्याकडे. पहिल्या भागात खून, मोटारींचा ताफा, इस्पितळ. मग हळूहळू खून मागे पडतो आणि डिलन वुल्फमन जॅक या गाजलेल्या रेडिओ निवेदकाला फर्माइशी करायला लागतो. वुल्फमन जॅक १९९५ मध्येच गेला, पण फर्माइशीला त्याने अडत नाही. नॅट किंग कोल हवा, थेलोनियस मंक हवा, ईगल्सवाले हवेत, बीथोव्हनचा ‘मूनलाइट सोनाटा’ हवा. बस्टर कीटन आणि हॅरॉल्ड लॉइडही लाव म्हणतो. मूकपटातले नट, रेडिओवर! आणि सगळ्यांत शेवटची फर्माइश कोणती? हेच गाणं.

म्हणजे निम्मं गाणं ही यादी आहे. चाहत्यांनी काय केलं? त्या यादीची यादी केली. अमुक ओळीतलं गाणं हे की त्याच नावाचं दुसरं, यावर हमरीतुमरी. सगळी गाणी ओळीने लावून तासन्‌तास चालणारे संच तयार झाले. टीकाग्रंथ मूळ ग्रंथाला गिळून ढेकर देऊन बसला.

एवढी खणाखण झाली, पण समोरची गोष्ट कोणी पाहिली नाही असं मला वाटतं. यादी करणं हा चाहत्याचा धंदा आहे. डोक्यावर आभाळ कोसळलेलं असताना जुन्या गाण्यांची नावं पुटपुटत बसणं, हे लावा, ते लावा, हे चाहताच करतो. याच गृहस्थांनी २००६ पासून तीन वर्षं अमेरिकेत रेडिओचा कार्यक्रम केला होता. एकेका विषयावर जुनी गाणी शोधून लावायचा. भाड्याने आणलेला निवेदक नव्हता तो, पक्का रेकॉर्डवेडा होता. चाहते ज्याच्या देव्हाऱ्यापुढे रांग लावून उभे होते, तो त्यांच्याच रांगेत मागे कुठेतरी उभा होता, दुसऱ्यांच्या तबकड्या काखेत मारून. पण कोडं सोडवणाऱ्याला माणूस दिसला तर कोड्याची मजा जाते ना!

बाकी व्यवहार चोख झाला. एप्रिलमध्ये हे गाणं बिलबोर्डच्या रॉक गाण्यांच्या डिजिटल विक्रीच्या यादीत (पुन्हा यादीच) पहिलं आलं. डिलनच्या स्वतःच्या नावावर गाणं बिलबोर्डच्या कोणत्याही यादीत पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ला १९६५ मध्ये जमलं नव्हतं ते. तेव्हा सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, अशी कंपनीला धास्ती होती. आता सतरा मिनिटं, आणि लोक पैसे मोजताहेत.

जूनमध्ये ‘रफ अँड राउडी वेज’ हा अख्खा अल्बम आला. एकूण लांबी सत्तर मिनिटांच्या जरा वर. एका सीडीत आरामात मावली असती. तरी हे गाणं दुसऱ्या सीडीवर एकटंच ठेवलेलं. म्हणजे ऐकायचं तर उठा, तबकडी बदला, परत बसा. चाहते अर्थातच उठले नाहीत. ते वेगळ्या सीडीचा अर्थ लावायला बसले.