दुकान नसलेले दोघे

जिल्हा झोंबा, मलावी
ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,


आमचं प्रशिक्षण संपलं, शपथविधी झाला आणि आम्ही गावात येऊन पडलो. अमेरिकन सरकारच्या पीस कोअरच्या कागदांवर आता आम्ही ‘ट्रेनी’ नाही, ‘व्हॉलंटिअर’ आहोत. पगार नाही, खाऊन-पिऊन राहण्यापुरता भत्ता, मुदत दोन वर्षं. फोन सौर पट्टीच्या मर्जीवर चालतो आणि तुला व्हॉट्सॲपवरचं लांबलचक वाचवत नाही, म्हणून हे पत्र.

आधी प्रशिक्षणाचं सांगते. डेड्झाजवळच्या एका खेड्यात आम्हाला एका कुटुंबात ठेवलं होतं. इथे जून-जुलैत थंडी असते आणि डेड्झा उंचावर, तेव्हा आपण महाबळेश्वरला नेतो ते स्वेटर आफ्रिकेत बाहेर काढावे लागले. घरची बाई आमच्या लेकीपेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल, पण रीतीप्रमाणे ती आमची आई. दिवेलागणीनंतर बाहेर निघालो की दारात उभी राहून विचारायची, कुठे, कशाला, कधी परत? ह्यांना आयुष्यात एवढा धाक ना सासूबाईंनी दाखवला, ना मी.

शिकवायचे काय, तर बादलीभर पाण्यात अंघोळ कशी करावी, कपडे हाताने कसे धुवावेत, मच्छरदाणी गादीखाली कशी खोचावी, उकिडवं कसं बसावं, उजव्या हाताने कसं जेवावं. बरोबरची तेवीस-चोवीस वर्षांची अमेरिकन पोरं वहीत टिपून घेत होती. अंघोळीच्या तासाला ह्यांनी हात वर केला आणि सगळ्यांसमोर, अंगावर शर्ट-पँट असताना, कोरडा तांब्या खांद्यावरून पाठीवर कसा रिकामा करायचा त्याचं प्रात्यक्षिक दिलं. टाळ्या पडल्या. अमेरिकेत सारा जन्म पूल बांधले, पण अशा टाळ्या नव्हत्या हो मिळाल्या. आईने आपल्याला हेच सगळं धपाटे घालून फुकट शिकवलं होतं, आणि अमेरिकेचं सरकार त्यावर डॉलर खर्च करतं!

नियम मात्र कडक. गाडी चालवायची नाही, मोटारसायकलवर मागेसुद्धा बसायचं नाही, सायकलवर हेल्मेट हवंच. हे हेल्मेट घालून पायवाटेने निघाले की शेळ्या राखणारी पोरं शेळ्या सोडून ह्यांच्यामागे धावतात.

गावात आलो त्या संध्याकाळपासून सगळ्यांचा एकच प्रश्न, दुकान कधी उघडणार? ह्या देशात भारतीय म्हणजे व्यापारी, ब्लँटायर-लिंबेला गुजराती मंडळींच्या पेढ्या तीन-चार पिढ्यांच्या आहेत. दुकान नाही म्हटलं तर बायका एकमेकींकडे बघून हसतात. बहुतेक दिवाळं निघालं असावं. अमेरिकेहून आलो म्हटलं की उरलासुरला विश्वासही जातो. शाळेत हेडमास्तरांनी माझा पहिलाच तास ऐकला आणि म्हणाले, तुम्ही अमेरिकन असूनही इंग्रजी किती स्पष्ट बोलता. रत्नागिरीच्या आपल्या बाईंना सांग कुठे भेटल्या तर. वर्गात शंभराच्या आसपास मुलं आहेत, पुस्तकं चार बाकांत एक, पण मागच्या भिंतीपर्यंत चिडीचूप.

ह्यांच्या वाट्याला मातीच्या शेगड्या आल्या आहेत. चितेतेझो म्बाउला म्हणतात, तीन दगडांच्या चुलीपेक्षा लाकूड पुष्कळ कमी लागतं, आणि लाकडापायी इथले डोंगर उघडे पडलेत, म्हणून त्यांचा प्रसार करायचा. ह्यांनी मिलिमीटरपर्यंत मापं टाकून ड्रॉइंग काढलं. गटातल्या बायका वितीने आणि बोटाने मोजतात, आणि त्यांच्या शेगड्या भट्टीतून धड बाहेर येतात. ड्रॉइंगचा कागद जाळ धरायला उत्तम निघाला. आता हे माती तुडवतात. तब्येत सुधारली आहे.

जेवणाचं म्हणशील तर दोन्ही वेळेला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पालेभाजी नाहीतर सुकी मासळी. बाजारात तिचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ह्यांनी मात्र नाक धरलं. खरी चेष्टा तूरडाळीची आहे. सगळीकडे तुरीची शेतं! भारत सरकारने २०२१ साली मलावीशी करार केला, पाच वर्षं दरसाल ५०,००० टन तूर घेण्याचा. शेतं निघाली की व्यापारी पोती भरून नेतात आणि ती तूर तुमच्याकडे जाते. गावात लोक अख्खी तूर उकडून खातात. म्हणजे आमच्या परसातल्या तुरीचं वरण तू रत्नागिरीत खातेस आणि मी इथे भिजवलेले दाणे दगडाने भरडत बसते.

आमच्या वयाची काळजी करू नकोस. जिमी कार्टरची आई, लिलियन कार्टर, १९६६ साली वयाच्या ६८व्या वर्षी ह्याच पीस कोअरमधून विक्रोळीला आली होती, गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात. प्रशिक्षणात तिला मराठी शिकवली होती. तिने विक्रोळी निभावली, मग आम्हाला झोंबा काय जड आहे!

आता भावोजींसाठी, आणि हे त्यांना जेवण झाल्यावरच वाचून दाखव. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला ‘मलावी हापूस’ उतरला की त्यांचं डोकं फिरतं, मला ठाऊक आहे. कोकणातल्या काड्या नेऊन आपल्याच आंब्याशी स्पर्धा, हे त्यांचं म्हणणं मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. पण तो हापूस मोठ्या बागांतला. ह्या गावात दारोदार आंबा आहे तो बाठीचा, धाग्याधाग्यांचा, आणि ऐन मोसमात झाडाखाली कुजून जातो. पोरांना शाळेच्या मागे रोपवाटिका करायची आहे. आणि कोय कलमात भावोजींचा हात धरणारा माणूस मला तरी माहीत नाही.

तेव्हा त्यांच्याकडून एवढं लिहून घे. कोय रुजल्यावर कितव्या दिवशी काडी बांधायची, काडी किती जाड हवी, पट्टी कधी सोडायची आणि पहिल्या महिन्यात पाणी किती. चित्र काढलं तर फारच बरं, मिलिमीटर नकोत. डिसेंबरात पाऊस धरतो आणि कोयी पडायला लागतात, त्याच्या आत उत्तर हवं. चिडले तर एक दिवस जाऊ दे आणि पुन्हा विचार.

तुझी,
धाकटी