‘ब्रेक’ : अर्थ, छटा आणि एक गुंड

‘ब्रेक’ या इंग्रजी क्रियापदाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. काच फुटते, हाड मोडते, दोरी तुटते. ताणलेले असते ते तुटते, ताठ असते ते मोडते आणि ठिसूळ असते किंवा आत काही कोंडलेले असते ते फुटते. म्हणून खाटेचा पाय मोडतो, तिचा सुंभ तुटतो आणि वर निजलेल्याचे कपाळ फुटते. माणसांचेही तसेच. भावाभावांत बोलणे तुटते, ठरलेले लग्न मोडते, घर फुटते. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा झाला, त्याला इंग्रजीत काय म्हणायचे ते म्हणोत. भंडाऱ्याच्या हिशेबी गोंदिया वेगळा निघाला, धाकटा भाऊ निघतो तसा.

दुसरा भेद कर्त्याचा. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे या जोड्यांमुळे मराठीत अपघात आणि गुन्हा वेगळे राहतात. घरातले मूल ‘कप फुटला’ असे सांगते. ‘कप फोडला’ हे वाक्य नेहमी त्याच्या बहिणीचे असते. ‘मोडणे’ तेवढे इंग्रजीच्या वळणाचे निघाले. खुर्ची आपली आपण मोडली तरी मोडली, पाहुण्याने मोडली तरी मोडली.

इंग्रजीला छटा नाहीत असे मात्र नाही. ‘क्रॅक’ म्हणजे तडा, तुकडे अजून एकमेकांना धरून. ‘स्नॅप’ म्हणजे काडीसारखे, आवाजासकट. ‘शॅटर’मध्ये ठिकऱ्या उडतात. ‘बर्स्ट’ आतल्या दाबाने. ‘फ्रॅक्चर’ मुख्यतः हाडाचे किंवा खडकाचे. ‘ब्रीच’ कराराचा, शांततेचा आणि बांधाचा. ‘फ्रॅक्चर’ आणि ‘ब्रीच’ या शेवटच्या दोन शब्दांतला फरक प्रस्तुत लेखकाला उशिरा कळला.

प्रस्तुत लेखकाकडे रोजे यांचा थिसॉरस आहे. हा कोश 1852 साली प्रथम निघाला; शब्द अकारविल्हे न लावता अर्थाप्रमाणे हजार वर्गांत लावलेले, ही त्याची ख्याती. लेखकाकडची प्रत पाहुण्याची नजर जाईल अशा उंचीवर असते. सोपा शब्द वापरणाऱ्याला दुसरा येत नसतो, असे लेखकाचे मत होते. एका पावसाळ्यात शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा रजेचा अर्ज तपासून घ्यायला आला. नोकरी पुण्याला, कारण असे की, वडिलांची बांधी फुटली. (बांधी म्हणजे चहूकडून बांध घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा.) मुलाने साधे ‘ब्रोकन’ लिहिले होते. लेखकाने ते खोडून ‘फ्रॅक्चर्ड’ केले. ‘बांधी’ला इंग्रजी सापडेना, तेव्हा ती तशीच ठेवली. वरिष्ठांचे उत्तर दोन तासांत आले: हा अवयव नेमका कुठे असतो ते ठाऊक नाही, पण वडिलांना पूर्ण विश्रांती द्या. तीन आठवड्यांची रजा मंजूर. मुलाने खुलासा केला नाही. रोवणी उरकूनच परतला. त्याचे वडील भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘तुमची इंग्रजी भारी आहे जी!’’ बरोबर शब्द ‘ब्रीच’ होता. त्याने चार दिवसही मिळाले नसते.

या सर्व क्रियापदांतून सुटलेली एक वस्तू भंडाऱ्यात आहे : पितळ. गावाचे जुने नाव ‘भाणारा’ होते; रतनपूरच्या इ. स. 1100 च्या सुमाराच्या शिलालेखात ते येते, आणि लोक त्याचा संबंध भांड्यांशी जोडतात. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी घरोघर असत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ठोकले की ते दबते, पसरते. म्हणून तर त्याला आकार देता येतो. ते फुटत नाही. त्याला पोचा येतो, काठ चेपतो, बूड झिजते. विदर्भात पाणी भरायच्या पितळी भांड्याला ‘गुंड’ म्हणतात. ‘आमच्या घरी दोन गुंड आहेत’ हे वाक्य पुण्यात बोलताना थोडा खुलासा करावा लागतो.

आणि तरीही पितळ दुकानात परत जाते ते ‘मोड’ म्हणून. न मोडलेल्या वस्तूची मोड होणे हा या शब्दाचा चमत्कार आहे. पाचशेच्या नोटेचीही मोड मिळते, आणि नोट शाबूत असते. मटकीला मोड येतात, तेव्हा तर काही मोडतच नाही, उगवते. प्रस्तुत लेखकाने स्टीलच्या टाकीला जागा करण्यासाठी आईचा गुंड एका दुकानात नेला आणि वाटेत हे सगळे विचार करून स्वतःवर खूष झाला. दुकानदाराने गुंड काट्यावर ठेवला, बोटाने वाजवला, घट वजा केली. ‘‘मोडीचा भाव आहे जी, घडाई नाही भेटत.’’ मग त्याने गुंड फिरवला. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेले आईचे नाव होते, माहेरचे. आंदणात आलेला होता तो. लग्नानंतर ते नाव घरात कोणी घेतले नाही. रेशनकार्डावर नाही, दाराच्या पाटीवर नाही. ते तेवढे या पितळावर होते. वजनात ते धरले गेले होते, भावात नव्हते. ‘‘नाव आहे जी यावर,’’ दुकानदार म्हणाला. हजार वर्गांच्या धन्याला उत्तर सुचले नाही. गुंड परत आला. टाकीसाठी जागा अजून झालेली नाही.

राहिले धान. भरडताना तुटलेला दाणा म्हणजे कणी. इकडच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून कनी. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा कोश केला आहे. प्रस्तुत लेखकाने थिसॉरस आधी घेतला. सरकारी भरडाईच्या कच्च्या तांदळात वर्षानुवर्षे 25 टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आला. इंग्रजी अर्जांना अशी सूट नाही. उन्हाळ्यात तेंदूची पाने ‘तोडतात’, पण तिथे तोडणे म्हणजे खुडणे. फुटण्याची बाजू मात्र चांगलीही आहे. रोवणीनंतर बुंध्यातून नवे फुटवे निघतात, आणि ‘धान चांगला फुटला’ हे सांगताना कोणी कपाळाला हात लावत नाही. पहाटे तांबडे फुटते. इथे इंग्रजीही ‘ब्रेक’च म्हणते.

वाहनाचा ‘ब्रेक’ हा इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचा वेगळा शब्द आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. हा दुसरा ब्रेक तुटत नाही, फुटत नाही. तो फेल होतो.