चार आण्यांची कोंबडी

आमच्या संस्थेच्या हिशेबनीस काकू एक एप्रिलपासून ‘गणित-साक्षरता प्रेरक’ झाल्या. टेबल तेच, टॅली तेच, चष्माही तोच. बदलला तो खर्चाचा रकाना. हिशेबनीस म्हटलं की पगार प्रशासनावर पडतो, प्रेरक म्हटलं की थेट मुलांवर. मुलांना याचा पत्ता नाही. दाराशी उभी असलेली जीपही ‘फिरतं ज्ञानकेंद्र’ झाली, तेव्हापासून डिझेल शैक्षणिक साहित्यात मोडतं.

हा सगळा खटाटोप ५ टक्क्यांसाठी. देणगीदार कंपनी म्हणते, प्रशासकीय खर्च त्याच्या वर गेला की संस्था अकार्यक्षम. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, म्हणजे सीएसआरच्या, नियमांत ही मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. असो. थोरल्यांना घातलेलं पथ्य धाकट्यांनी पाळायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत.

परवा मूल्यमापनवाले आले. दोन गाड्या, चार टॅब. पहिला प्रश्न : “एका मुलामागे खर्च किती?” काकूंनी सांगितला. “शेजारच्या तालुक्यात याच्या निम्मा आहे,” साहेब हळहळले. असणारच. तिथे पंधरा ऑगस्टला खाऊ घेऊन गेलेलं पोरही लाभार्थी. आमच्याकडे पोर वाचायला लागल्याशिवाय मोजत नाहीत, हा आमचा गाढवपणा.

या मोजमापाला मात्र सरकारचा हात सढळ आहे. २०२२च्या दुरुस्तीप्रमाणे कंपनीला प्रभाव-मूल्यमापनावर एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यांतली जी रक्कम जास्त तिथवर खर्च दाखवता येतो. १० कोटी वाटणाऱ्या कंपनीचे २ टक्के होतात २० लाख. म्हणजे ५० लाखांची मुभा. कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा.

बरं झालं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याकडे तेव्हा हे टॅबवाले पोचले नव्हते. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांना तपासायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, पुढे ‘आशा’ ताईंमार्फत ते काम देशभर गेलं. आमच्या साहेबांच्या तक्त्यात याचं काय झालं असतं? मानधन, प्रशिक्षण, प्रवास, नोंदवह्या : चारही प्रशासकीय. वाचलेलं बाळ ‘इतर’मध्ये.

काल अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख. प्रशासकीय खर्च ४.८ टक्के, संस्था ‘अत्यंत कार्यक्षम’. आम्ही पेढे मागवले, ते ‘पोषण आहारा’त टाकले. शेवटच्या पानावर एक शेरा होता, तो काकूंनीच चष्मा पुसून मोठ्याने वाचला :

“संस्थेत हिशेब ठेवायला कोणीही नाही, ही बाब गंभीर आहे.”