ज्याचा गोल, त्याचं आकाश

आपल्याकडे १ मे २०१७ रोजी मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले आणि कुणाचं वजन किती, हे लांबून ओळखायची सोय गेली. अमेरिकेला ही अडचण कधी आलीच नाही. तिथे माणसाचं वजन गाडीच्या टपावर नव्हे, घरावरच्या आकाशात मोजतात. तुमच्या कौलांवरून एखादं फुटकळ विमान घरघरत जातं? मग तुम्ही सामान्य नागरिक, मागच्या रांगेत बसा. जात नाही? किती मैलांपर्यंत जात नाही तेवढं सांगा, म्हणजे खुर्ची कुठे मांडायची ते ठरवू.

या मानकऱ्यांची ताजी यादी असते ती खासगी वैमानिकाच्या मांडीवर. अमेरिकेत विमान चालवणं ही हौसही आहे. दातांचे डॉक्टर, वकील, निवृत्त मास्तर रविवारी सकाळी चार आसनांची सेसना बाहेर काढतात, दूरच्या एखाद्या छोट्या विमानतळावर उतरतात, तिथे खातात आणि परत येतात. या खाण्याला ते लोक ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात, कारण पेट्रोलचा हिशेब त्यातच धरलेला असतो. मांडीला पट्ट्यानं आयपॅड बांधलेला आणि त्यात फोरफ्लाइटसारखं ॲप. इथून निघायचं, तिथे उतरायचं, एवढं सांगितलं की ॲप नकाशावर किरमिजी रंगाची सरळ रेघ ओढतं. मग त्या रेघेवर लाल गोल दिसू लागतात. हा अमक्या साहेबांचा, हा तमक्या कंपनीचा. वैमानिकानं रेघ बोटानं धरायची, ओढायची आणि गोलाच्या काठाबाहेर नेऊन सोडायची. मैल वाढतात, पेट्रोल वाढतं, बर्गर दीडशेवर जातो. पण लायसन्स वाचतं.

वैमानिकांसाठी नकाशे पुरवण्याच्या या धंद्याचा मूळपुरुष एलरी जेपसन. १९३० च्या दशकात हा टपालाची विमानं उडवायचा. त्यानं दहा सेंटांची एक वही घेतली आणि तिच्यात कुठला डोंगर किती उंच, कुठल्या धावपट्टीला उतार आहे, हवा कशी आहे हे फोनवर सांगू शकेल असा शेतकरी कोण, हे सगळं टिपून ठेवलं. बाकीचे वैमानिक ती माहिती मागायला लागले, तेव्हा तो तिच्या प्रती दहा डॉलरला विकू लागला. त्या वहीची कंपनी झाली, कंपनी बोइंगकडे गेली, २०१९ मध्ये फोरफ्लाइटही बोइंगनं घेतलं, आणि २०२५ मध्ये हा सगळा बारदाना आणखी दोन कंपन्यांसकट १०.५५ अब्ज डॉलरना विकायचा सौदा जाहीर झाला. दहा सेंटांच्या वहीची एवढी किंमत कशी वाढली, असा प्रश्न कुणाला पडेल. उत्तर सोपं आहे. जेपसनच्या काळात वैमानिकाला भीती होती डोंगरांची. डोंगर जागचा हलत नाही. एकदा टिपला की काम झालं. राष्ट्राध्यक्ष हलतो. त्याच्यासाठी रोज ताजा नकाशा लागतो.

आणि तो हलतो तेव्हा आकाश सोबत घेऊन हलतो. राष्ट्राध्यक्ष जिथे मुक्कामाला जातील, तिथे साधारण ३० नॉटिकल मैल त्रिज्येचा गोल पडतो, म्हणजे केंद्रापासून चहूकडे ५५ किलोमीटर. या एका गोलात अडीच गोवे मावतात, आणि वरही थोडी जागा उरते. उंची १७,९९९ फूट. अठरा हजाराला एक फूट कमी, उगाच लोकांनी उधळपट्टी म्हणायला नको. आतल्या १० मैलांत हौशी विमानाला मज्जावच. बाहेरच्या कड्यात जायचं तर उड्डाणाचा आराखडा आधी द्यायचा, रडारवर ओळख पटेल असा खास क्रमांक घ्यायचा, नियंत्रकाशी बोलत राहायचं आणि कुठेही घुटमळायचं नाही. सरावाची उड्डाणं बंद.

ही शेवटची अट नाशिक-सांगलीपर्यंत पोचते. आपल्याकडची बरीच मुलं व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी लागणारे २०० तास भरायला फ्लोरिडाला जातात. फ्लोरिडात पाम बीचला ट्रम्प यांचं मार-अ-लागो आहे, आणि तिथून जवळच असलेला लँटानाचा छोटा विमानतळ साहेब घरी आले की आतल्या गोलात सापडतो. तिथली उड्डाणशाळा बंद, दुरुस्तीवाले बंद, सगळे धावपट्टीकडे बघत बसलेले. मग शनिवारी रात्री घरून येणारा फोन साधारण असा होत असावा:

‘काय रे, आज उडालास का?’

‘नाही बाबा, साहेब आलेत.’

‘कुठले साहेब? शाळेचे?’

‘नाही, देशाचे.’

‘बरं. परत कधी जाणार?’

‘ते कुणाला सांगतात का, बाबा!’

कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँकांनी तारण म्हणून जमिनीच्या उताऱ्याबरोबर राष्ट्राध्यक्षांचं सुट्ट्यांचं वेळापत्रकही मागायला हरकत नाही.

फिरत्या गोलांचं हे झालं. काही गोल पिढीजात आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले, पण माउंट व्हर्ननच्या त्यांच्या वाड्यावर आजही निषिद्ध आकाश आहे. राष्ट्राध्यक्ष एकदा झालात की तुम्हाला कुणी हलवू शकत नाही, याचा यापेक्षा ठोस पुरावा मिळणार नाही. उपराष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर वेगळा गोल आहे, नाहीतर घरात कुरबुर झाली असती.

पण खरा पराक्रम एका उंदराचा. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड आणि फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड, या दोन्हींवर ३ नॉटिकल मैलांचा, ३००० फूट उंचीचा गोल आहे. तो संसदेनं २००३ च्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून पक्का केला. नोंद ‘तात्पुरती उड्डाणबंदी’ अशीच आहे. वीस वर्षं उलटली तरी तात्पुरतेपणा काही कमी झालेला नाही. दहशतवादी येईल, ही भीती होतीच. शिवाय शेपटाला जाहिरातीची फडकी लावून उद्यानावरून घिरट्या घालणारी छोटी विमानं याच कलमानं हद्दपार झाली, हा केवळ योगायोग. दहशतवाद्यालाही आवडनिवड असते म्हणायची, कारण त्याच ऑर्लँडोत दुसऱ्या कंपन्यांचीही मोठी उद्यानं आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी असं कलम घातलं नाही.

मग स्टेडियमं. तीस हजार किंवा जास्त माणसं बसतील अशा मैदानावर ठरावीक मोठे सामने असले, की सामन्याआधी एक तास आणि संपल्यावर एक तास तिथे ३ मैलांचा गोल. सामने कधी, कुठे, हे सरकारच्या सूचनेत लिहिलेलं नसतं. ते तुम्हीच शोधायचं. बेसबॉलचा सामना बरोबरीत अडकला तर जादा डाव सुरू होतात आणि किती चालतील ते देवाला ठाऊक. थोडक्यात, ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्याचंही विमान धावसंख्या बघितल्याशिवाय हलत नाही.

या सगळ्या भाऊगर्दीत एक बंदी अशीही आहे की तिच्या मध्यभागी कुणी मोठा माणूस बसलेला नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला तळ्यांचं एक रान आहे. लोक तिथे होड्या वल्हवायला जातात. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून त्यावरून ४००० फुटांखाली विमानं नेण्यास बंदी घातली. कारण काय, तर शांतता. शांततेसाठी आकाश राखून ठेवणारा असा माणूस विरळाच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. निघण्याआधी वैमानिकानं त्या उड्डाणाविषयी उपलब्ध असलेली सगळी माहिती करून घेतली पाहिजे. ‘आवश्यक तेवढी’ नाही, सगळी. ती कुठे मिळेल? सरकारचं विमान वाहतूक खातं बंदी असलेल्या आकाशाचा नकाशा स्वतःच इंटरनेटवर देतं, आणि त्याच पानावर वर्षानुवर्षं एक तळटीप असे: ही यादी अपुरी असू शकते, उड्डाण ठरवण्यासाठी हिचा वापर करू नये, फोन करून विचारावं. म्हणजे सरकारनं काढलेले गोल, सरकारनंच छापले आणि सरकारनंच सांगितलं की आमच्यावर विसंबू नका. इतका प्रामाणिकपणा आम्ही कुठल्याही खात्यात पाहिलेला नाही.

उरतात सूचनांची बाडं, ज्यांना नोटॅम म्हणतात. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान रात्री धावपट्टी समजून विमानं रांगेनं उभी असलेल्या टॅक्सीवेवर उतरता उतरता थोडक्यात वाचलं. शेजारची धावपट्टी बंद आहे ही सूचना वैमानिकांना दिलेली होती. २७ पानांच्या गठ्ठ्यात ८ व्या पानावर. अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी पुढे या नोटॅमना ‘ज्याकडे कुणी लक्ष देत नाही असा कचरा’ म्हटलं. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये ही नोटॅम यंत्रणाच बसली आणि ११ तारखेच्या सकाळी देशभरातली देशांतर्गत उड्डाणं काही काळ थांबवावी लागली. कंत्राटदाराच्या माणसांच्या हातून मूळ साठा आणि राखीव साठा जुळवताना काही फाइली पुसल्या गेल्या, असं खात्यानं सांगितलं. आकाशातली प्रत्येक रेघ दातांच्या डॉक्टरला पाठ हवी. फाइल कुठली पुसायची नाही, हे कंत्राटदाराला पाठ नसलं तरी चालतं.

ॲप हा या सगळ्यावरचा उतारा. ते बाड वाचतं, गोल रंगवतं, बेसबॉलचं वेळापत्रक शोधतं, आणि तुम्ही काठाजवळ गेलात की बोंब मारतं. फक्त जूनमधलं फ्लोरिडाचं ऊन त्याला सोसत नाही. विमानाच्या काचेतून उन्हं सरळ मांडीवर येतात, आयपॅड तापतो आणि ऐन गोलाच्या कडेला पडदा काळा होतो. त्यावर एक थर्मामीटर दिसतो आणि मजकूर येतो, की यंत्र थंड होईपर्यंत थांबा. वैमानिक एका हातानं सुकाणू धरतो आणि दुसऱ्या हातानं आयपॅड हवेच्या झरोक्यापुढे धरून त्याला वारा घालतो. गोलात शिरलेल्याला अडवायला येणाऱ्या एफ-१६ लढाऊ विमानाला थांबायची सवय नसते.

या यंत्रणेची काशी म्हणजे वॉशिंग्टन. शहराभोवती ३० मैलांचं खास आकाश, त्याच्या पोटात आणखी कडक आकाश, आणि गाभाऱ्यात व्हाइट हाउस व संसद. ६० मैलांच्या आत नुसत्या नजरेच्या भरवशावर उडायचं, तरी आधी खास अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. एवढा बंदोबस्त असताना संसद रिकामी करायची वेळ कुणी आणली?

९ जून २००४. माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या अंत्यविधीसाठी येणारं विमान. रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपॉन्डर बिघडलेला. नियंत्रकांना विमान कुणाचं ते ठाऊक होतं आणि त्यांनी परवानगीही दिलेली. पलीकडे सुरक्षेच्या पडद्यासमोर बसलेल्यांना ते कुणी सांगितलं नाही. खासदार, पाहुणे, कर्मचारी सगळे पळत सुटले. विमानात होते केंटकीचे गव्हर्नर अर्नी फ्लेचर.

२० एप्रिल २०२२. संसदेजवळ अनोळखी विमान घिरट्या घालतंय म्हणून पुन्हा पळापळ. विमान अमेरिकी लष्कराचं. लष्कराच्या सन्मानार्थ बेसबॉलच्या मैदानावर जवान हवाई छत्र्यांनी उतरणार होते. संसदेच्या पोलिसांना कळवायचं राहून गेलं.

मधल्या ११ मे २००५ चा मान एका खऱ्याखुऱ्या वाट चुकलेल्या दोन आसनी सेसनाचा. व्हाइट हाउस आणि संसद रिकामी झाली, एफ-१६ विमानांनी इशाऱ्याचे अग्निगोळे सोडले. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते राष्ट्राध्यक्ष बुश तेव्हा मेरीलँडमध्ये सायकल चालवत होते. सगळं निवळल्यावर त्यांना सांगण्यात आलं. सायकलला नोटॅम लागत नाही.

आणि १५ एप्रिल २०१५ ला फ्लोरिडाचा एक पोस्टमन उघड्या गायरोकॉप्टरमधून ५३५ खासदारांच्या नावाची ५३५ पत्रं घेऊन, सगळे गोल ओलांडून, थेट संसदेच्या हिरवळीवर उतरला. राजकारणातला पैसा आवरा, एवढंच पत्रात म्हणणं होतं. रडारनं त्याला पक्षी, पतंग आणि फुगे यांच्याबरोबर गाळून टाकलं होतं. सामान्य माणसाला यंत्रणा नेमकी कशात मोजते, हे त्या दिवशी अधिकृतपणे कळलं.

तेव्हा अभ्यासक्रम वैमानिकांपुरता का? गोल काढणाऱ्यांचीही वार्षिक परीक्षा घ्यावी. नमुना प्रश्नपत्रिका आम्ही विनामूल्य देतो. गुण १००. वेळ: साहेब परत जाईपर्यंत.

१. आज संध्याकाळी तुमचंच लष्कर तुमच्याच गोलात विमान आणणार आहे. कुणाला फोन कराल? नंबर पाठ म्हणा.

२. पुढीलपैकी कुणाच्या जिवाला जास्त धोका आहे ते कारणांसह लिहा: (अ) उपराष्ट्राध्यक्ष, (आ) जॉर्ज वॉशिंग्टन, (इ) मिकी माउस.

३. ‘तात्पुरतं’ म्हणजे किती वर्षं? आकृती काढू नये. आधीच फार काढल्या आहेत.

४. मूळ फाइल आणि राखीव फाइल यांतला फरक सांगा. उत्तर पुसू नये.

५. वरीलपैकी ज्या प्रश्नांत तुम्ही नापास झालात, त्यांचा दंड कुणाकडून वसूल करावा? (सूचना: त्याच्या मांडीला आयपॅड बांधलेला असतो.)